एका नावाच्या दोघी

रावपुऱ्यातल्या टॉवरखाली भेटायचे ठरवून बडोद्यातल्या माणसांच्या चार पिढ्या तेथे एकमेकांची वाट पाहत उभ्या राहिल्या असतील. 'चिमणाबाई टॉवर' असे सबंध नाव घेण्याचे कष्ट कोणी घेत नाही; नुसते टॉवर म्हटले की काम भागते. तीच गत न्यायमंदिराची. ते चिमणाबाई न्यायमंदिर आहे हे दाव्याच्या तारखेसाठी हेलपाटे घालणाऱ्या पक्षकाराच्या कधी ध्यानातही आले नसेल. ज्या बाईच्या नावाने हे सारे उभे आहे ती कोण, केव्हा आली, केव्हा गेली, हा प्रश्न मलाही पुष्कळ वर्षे पडला नव्हता. पडला तो घरच्या एका कारणाने. त्या कारणाशी ज्या दोघींचा संबंध होता, त्यांतली दुसरीही गेल्या वर्षी गेली. तेव्हा आता ते सांगायला हरकत नाही.

आमचे घर करजणचे. आजोबा गायकवाडीत वहिवाटदाराच्या कचेरीत कारकून म्हणून तेथे गेले आणि बडोद्याला बदली मागावी मागावी म्हणत तेथेच राहिले. वडिलांनीही तोच कित्ता गिरवला. १९४९ च्या मे महिन्यात संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, १९६० च्या मे महिन्यात गुजरात राज्य झाले, वहिवाटदाराचा मामलेदार झाला. पण माजघरात मराठी आणि ओट्यावर गुजराती हा आमचा शिरस्ता काही मोडला नाही. करजण म्हणजे कानमाचा मुलूख. जमीन काळी, पीक कापसाचे आणि तुरीचे. पावसाळ्यात चपला हातात घेऊन चालावे लागे. गावाला दोन गोष्टींचा अभिमान. एक, मुंबईची मोठी गाडी आमच्या स्टेशनावरून जाते. दुसरी, डभोईची छोटी गाडी आमच्या स्टेशनातून सुटे. मियागाम ते डभोई हा अडीच फूट रुंदीचा रस्ता १८६२ साली खंडेराव महाराजांच्या वेळी सुरू झाला तेव्हा डबे ओढायला चक्क बैल होते. इंजिनाने नियमित गाडी चालू लागली ती मागाहून. "आपली आगगाडी नव्हे, ती मुळात बैलगाडीच," असे ताई म्हणे, आणि गाडी उशिरा आली की हेच वाक्य सर्वांना पुन्हा ऐकवी.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. तिचे वर्णन करायला बसले की मला पहिल्याने आठवते ते तिचे घड्याळाचे वेड. वडिलांच्या खिशात एक जुने घड्याळ असे. महिन्यातून एकदा ते कचेरीच्या कामाने बडोद्याला जात. कधी आम्हा दोघांना बरोबर नेत. निघताना ताई ते घड्याळ स्टेशनाच्या घड्याळाशी जुळवून घेई आणि रावपुऱ्यात पोचल्यावर टॉवरखाली उभी राहून मान वर करून निकाल सांगे: "टॉवर तीन मिनिटे पुढे." कधी दोन मिनिटे मागे. हा हिशेब ती घरी आल्यावर वहीत टिपून ठेवी. कशासाठी, ते तिलाच ठाऊक. वडील हसत, आई म्हणे, "मुलीच्या जातीला वेळेची एवढी उठाठेव कशाला?" परंतु मोठ्या गाडीची शिट्टी कोणती, छोटीची कोणती, आणि अमुक गाडी आज किती मिनिटे चुकली हे घरात बसल्या बसल्या ती बिनचूक सांगे, आणि त्यावर आईचाही कुकर चढे हे तितकेच खरे.

टॉवरखालीच तिने मला चिमणाबाईंची गोष्ट सांगितली. तिला ती आजोबांकडून मिळालेली. सयाजीराव महाराजांचे पहिले लग्न झाले १८८० च्या जानेवारीत. महाराज सतरा पुरे व्हायचे होते. वधू तंजावरची, मोहित्यांच्या घरची, वर्षाने लहान. माहेरचे नाव लक्ष्मीबाई. सासरी आल्यावर चिमणाबाई झाली. तंजावर कोठे, बडोदे कोठे! व्यंकोजीराजांपासून तेथे रुजलेली मराठी माणसे, आणि दमाजीरावांपासून येथे रुजलेली आपण. दोन टोकांची मराठी घरे, मधे सारा हिंदुस्थान. मुलीबरोबर आंदण म्हणून तंजावरच्या नर्तकी आणि त्यांचे साथीदार आले, दरबारच्या कलावंत खात्यात दाखल झाले, आणि दाक्षिणात्यांचे नृत्य गुजरातेत प्रथम त्यांच्या पायांनी शिरले. त्याच परंपरेतल्या कुबेरनाथ तंजोरकरांनी पुढे विद्यापीठात पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना भरतनाट्य शिकवले, हे येथील वाचकांस सांगायला नको. ताईला मात्र नृत्यापेक्षा निराळीच गोष्ट मोलाची वाटे. "मुंबईहून बडोद्याला यायचे म्हणजे मियागामवरूनच ना? मग ती नवरी आपल्या स्टेशनावरून गेली असणार. खिडकीतून काय पाहिले असेल तिने? आपला कापूस!" आणि ती इतकी हसे की वाटेवरची माणसे वळून पाहत.

कापूस ताईच्याही वाटेवर होता. १९६१ साली तिचे लग्न झाले, सासर दांडिया बाजारात. सासरी नाव बदलायची चाल होती, तशी तिलाही नवे नाव मिळाले. ते नाव येथे लिहीत नाही. त्याची मालकी दोघींची आहे. बासष्ट साली मुलगी झाली. लहानपणी ताईला सांधे सुजून ताप येऊन गेला होता. त्या तापाने हृदयाची झडप अधू होते आणि बाळंतपणाच्या भाराने ती उघडी पडते, हे आमच्या घरी कोणास ठाऊक असणार? बाळंतपणानंतर जिना चढताना दम लागू लागला, पाय सुजू लागले. अशक्तपणा आहे, डिंकाचे लाडू खा, असे चालले होते. १९६३ च्या मे महिन्यात ती गेली. एकवीस वर्षांची होती. मी तेव्हा तेरा वर्षांचा. निरोप तारेने आला. त्या दिवशी मोठी गाडी वेळेवर होती, हे मला अजून लख्ख आठवते, आणि वेळेवर असल्याचा मला राग आला होता हेही.

राग पुढे दुसरीकडे वळला. वर्षाच्या आत, मार्गशीर्षात, भावजींचे दुसरे लग्न झाले. पदरात वर्षाची पोर, घरात म्हातारी सासू. आज मागे वळून पाहता दुसरे काय करणार होते ते? पण तेराव्या वर्षी माणसाला हे कळत नाही. त्यातून कळस असा की सासूबाईंनी नव्या सुनेला तेच नाव ठेवले. ताईचेच. म्हणाल्या, घराला त्या नावाची सवय झाली आहे. मला वाटले, ताईला खुंटीवरून उतरवून तिच्या जागी दुसरी टांगली.

जुन्या घरांतून दुसरेपणावर आलेल्या मुलीला पहिलीचे माहेर आपले म्हणते. ती त्या घरची लेक होते, सणावाराला येते, ओटी भरून जाते. चौसष्ट सालच्या दिवाळीत ती करजणला आली. आईने तिला दारात भाकरतुकडा ओवाळला, 'ये बाळ' म्हणाली, आणि ते नाव घेऊन हाक मारली. आई ती हाक कशी मारू शकली हे मला त्या वेळी उमजले नाही. आज थोडे उमजते. भाऊबीजेच्या संध्याकाळी पाट मांडला, रांगोळी घातली, निरांजन लावले. मी बसलो नाही. परसात जाऊन चिंचेखाली उभा राहिलो. वडील एकदा हाक मारून गेले. थोड्या वेळाने ती तबक घेऊन परसात आली. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही. द्वितीयेची बारीक कोर मावळायच्या बेतात होती. ज्या बाईला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळावे अशी रीत आहे. तिने पदर नीट केला, कोरीकडे तोंड केले, ओवाळले, सुपारी तबकात ठेवली आणि आत गेली. तिला पाठचा ना पुढचा, भाऊ नव्हता, हे मला आईकडून मागाहून कळले.

पुढल्या वर्षी मी पाटावर बसलो. मोठे मन झाले म्हणून नव्हे. आईने दम दिला म्हणून.

कॉलेजसाठी बडोद्यास राहू लागलो तेव्हा एक गोष्ट अचानक हाती आली. विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात महाराजांची चरित्रे चाळत होतो. तारखांपाशी थबकलो. चिमणाबाई गेल्या १८८५ च्या मे महिन्यात. क्षयाने. वय विशीच्या आसपास. पाच वर्षांच्या संसारात तीन मुले झाली. दोन मुलींना बालपणीच मृत्यू आला, मागे राहिला मुलगा फत्तेसिंगराव, दोन वर्षांचाही नव्हता. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाराजांचे दुसरे लग्न झाले, देवासच्या घाटग्यांच्या गजराबाईंशी. सासरी त्यांचे नाव काय ठेवले? चिमणाबाई!

मी पुस्तक मिटून बाहेर आलो. मे महिना, डिसेंबर महिना, मागे राहिलेले तान्हे मूल, आणि तेच नाव. ताईच्या टॉवरच्या गोष्टीतला एवढा भाग आजोबांनी तिला सांगितला नव्हता, की तिनेच मला सांगितला नव्हता, कोण जाणे.

त्या काळात क्षयाला औषध नव्हते. कॉकने जंतू शोधल्याला तीनच वर्षे झाली होती, आणि स्ट्रेप्टोमायसिन यायला साठ वर्षे अवकाश होता. गावाचा राजा आणि गावातला कोष्टी त्या दुखण्यापुढे सारखेच हतबल. परंतु राजाला एक करता येते ते कोष्ट्याला येत नाही: तो दगडात नाव ठेवू शकतो. महाराजांनी ठेवले. त्यातही त्यांचा स्वभाव दिसतो. शहाजहानने मुमताजसाठी बांधली ती कबर. पाहणाऱ्याने पाहावी आणि परत जावे. आपल्या राजघराण्यांत छत्रीची चाल. चिमणाबाईंच्या नावाने बडोद्यात उभे राहिले ते घड्याळ आणि कोर्ट. टॉवर १८९६ सालचा, लोकांच्या वर्गणीतून झालेला. न्यायमंदिरही त्याच वर्षी पुरे झाले, चिझम साहेबाच्या देखरेखीखाली. ते मुळात मंडईसाठी योजलेले, आणि उघडले ते व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन यांच्या हस्ते. रडायला जावे अशी त्यांतली एकही जागा नाही. एकीखाली लोक वेळ पाहतात, दुसरीत भांडणे घेऊन जात. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या नावातही तिच्या माहेरचे नाव आहे असे आमचे वडील ठामपणे सांगत. वाडा पुरा झाला १८९० साली. राहायला ती नव्हती.

आणि तरी दगडातले नावसुद्धा माणसाला धरून ठेवत नाही. दुसऱ्या चिमणाबाई दीर्घायुषी आणि कर्तृत्ववान. पडदा सोडून सभेत बसल्या, हिंदी स्त्रियांच्या स्थितीवर १९११ साली पुस्तक प्रसिद्ध केले, १९२७ साली अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या, चिमणाबाई स्त्री उद्योगालय काढले, १९५८ पर्यंत जगल्या. त्यांच्या तेजात पहिली पुसट होत गेली यात नवल नाही. न्यायमंदिराच्या मधल्या दालनात महाराणी चिमणाबाईंचा पुतळा होता. कॉलेजात असताना मी तेथे एका वृद्ध वकिलांना विचारले, "ही कोणती चिमणाबाई?" चष्म्यावरून पाहत ते म्हणाले, "कोणती म्हणजे? चिमणाबाई एकच." छापील माहितीतसुद्धा कधी कधी एकीच्या नावापुढे दुसरीची साले आढळतात. २०१८ साली कोर्टे तेथून नव्या इमारतीत गेली. आता तर विचारायला वकीलही राहिले नाहीत.

आपल्या लोकांना नाव फुकट जाऊ देणे आवडत नाही. आजोबाचे नातवाला, आजीचे नातीला. गायकवाडांच्या घरातही पाहा. पहिलीचा तो एकुलता मुलगा फत्तेसिंगराव १९०८ साली पंचविशीत गेला, आईसारखाच अल्पायुषी. त्याचा मुलगा प्रतापसिंहराव त्याच वर्षी जन्मला, तोच १९३९ साली गादीवर बसला. आणि प्रतापसिंहरावांच्या मुलाचे नाव पुन्हा फत्तेसिंगराव. हे दुसरे फत्तेसिंगराव म्हणजे क्रिकेटचे, ज्यांना १९६३ साली क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष झालेले आपण सर्वांनी पाहिले, ज्यांचे समालोचन रेडिओवर ऐकले, आणि ज्यांनी पणजोबांचे चरित्र लिहिले. म्हणजे बडोद्याची गादी अखेर चालली ती त्या तंजावरच्या मुलीच्या वंशात. पण फत्तेसिंगराव म्हटले की डोळ्यांपुढे येतात ते क्रिकेटचे. पंचविशीत गेलेला तो तरुण नावाखाली झाकला गेला. जी गोष्ट माणसाला राखावी म्हणून करतात तीच त्याला झाकते.

हे मी एकदा नव्या ताईला बोलून दाखवले. होय, तोवर मी तिला 'नवी ताई' म्हणू लागलो होतो. घरात दुसरे कोणी तसे म्हणत नसे. दांडिया बाजारच्या घरी झोपाळ्यावर बसून ती गवार निवडत होती. मी म्हणालो, "तुला ते नाव घेताना काही वाटले नाही?" वाटले नसते असे नाही, पण तिने उत्तर दिले ते असे: "अरे, मला कोणी विचारले होते का? पहिले सहा महिने हाक आली की मला वाटे, त्या येतील आतून 'ओ' देत. मी थांबत असे थोडी. मग जात असे." इतके बोलून तिने गळ्यातली साखळी बाहेर काढली. मंगळसूत्राखाली चांदीचा लहानसा टाक होता. सवतीचा टाक दुसरीने गळ्यात घालायचा ही चाल मला ऐकून ठाऊक होती. सवतीची बाधा होऊ नये म्हणून घालतात, भीतीपोटी घालतात, अशी माझी समजूत. "भीती कसली?" ती म्हणाली. "घरात सासूबाई त्यांचे नाव काढू देत नसत, पोरीला कळेल म्हणून. मग त्यांना ठेवायचे कोठे?"

भाद्रपद वद्य नवमीला, म्हणजे अविधवा नवमीला, त्या घरी सवाष्ण जेवत असे. अहेवपणी गेलेल्या बाईच्या नावाने करायचा हा दिवस. आमच्या आईपाठोपाठ करजणचे घर उठले, तेथला नेम संपला. दांडिया बाजारातला संपला नाही. त्या दिवशी नवी ताई मला मुद्दाम बोलावून विचारी, "त्यांना काय आवडे?" पहिल्या वर्षी मी सांगितले, कोकमाचे सार आणि गवारीची भाजी. तीच गवार ती त्या दिवशी निवडत होती, हे सांगायचे राहिले. पुढे ती विचारीनाशी झाली; माझ्याहून तिला जास्त ठाऊक झाले होते. ताईला शेवग्याच्या शेंगा आवडत नसत हे मी विसरलो होतो, ते मला तिने सांगितले. तिला ते वहीत सापडले होते.

ही वही नवी ताई गेल्यानंतर भाचीने माझ्यापुढे आणून ठेवली. भाची आता साठी ओलांडलेली, स्वतः आजी. आपल्याला जन्म देणारी निराळी होती हे तिला लग्नाच्या वेळी सांगितले गेले. त्याआधी कुजबुज तिच्या कानावर आली असेलच. नवी ताई गेली तेव्हा ती लहान मुलीसारखी रडली. तेराव्यानंतर कपाट आवरताना वही निघाली. पुठ्ठ्यावर सासरचे नाव, वळणदार अक्षरात. आत हिशेब. पहिली चौदा पाने ताईच्या हातची: दूध, वाणी, बाळाची गुटी, कोणाकडून घेतलेली वाटीभर साखर. मग एक पान कोरे. सोळाव्या पानापासून अक्षर बदलते, उभे, टोकदार, देवासकडचे. आणि तेथून पुढे साठ वर्षांत जागोजाग अविधवा नवमीचा स्वयंपाक, सवाष्ण कोण जेवली तिचे नाव, आणि ओटीत काय घातले ते. शेवटची नोंद दोन वर्षांपूर्वीची, हात थरथरलेला.

भाचीने पहिली पाने उलटली. आईचे अक्षर ती प्रथमच पाहत होती. एका समासाशी थांबली, चष्मा सारखा केला.

"मामा, इथे काय लिहिले आहे? हिशेबातले नाही हे."

मी वाचून दाखवले. टॉवर तीन मिनिटे पुढे.